'डिझीज्ड फादर', 'एक्सेस रोड' आणि 'वेट प्लीज' : इंग्रजीतल्या फसव्या जोड्या

कारकूनबाई

नमस्कार मंडळी.

गोव्यात बार्देश तालुक्यात आमचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. मामलेदार कचेरी जवळच, त्यामुळे दिवसभर अर्ज, ॲफिडेव्हिट, ना हरकत दाखले आणि बायोडेटा यांचाच रगाडा. लोक मजकूर कागदावर लिहून आणतात, आम्ही टाइप करून देतो. गावातल्या कामाला मराठी चालून जातं. बँक, विमा, हॉटेल, जहाज म्हटलं की इंग्रजी आलं आणि त्याच्यामागून या जोड्या आल्या.

परवा एक काका वारसाच्या कामासाठी अर्ज लिहून घेऊन आले. अक्षर सुरेख, समास सोडलेला, आणि पहिल्याच ओळीत 'माय डिझीज्ड फादर'. म्हणायचं होतं 'डिसीस्ड', म्हणजे दिवंगत. लिहिलं होतं 'डिझीज्ड', म्हणजे रोगट. खाली जिथे जिथे वडील आले तिथे तिथे तेच. संगणक याखाली तांबडी रेघ मारत नाही, कारण शब्द म्हणून दोन्ही बरोबर. आणि 'डिसीस्ड'च्या शेजारी 'लेट'ही असतोच. 'माय लेट फादर' म्हणजे माझे कै. वडील, 'माय फादर इज लेट' म्हणजे वडिलांना यायला उशीर झालाय.

दुसरी नेहमीची जोडी घराच्या परवानगीच्या कागदांत. 'देअर इज नो एक्सेस टू माय हाउस.' रस्ता नाही म्हणायचंय, तर तो 'ॲक्सेस'. 'एक्सेस' म्हणजे जादा. आपण बोलताना दोन्ही एकसारखेच बोलतो, मग लिहिताना हात कुठेही वळतो. गंमत बघा, डिसीस्ड, ॲक्सेस आणि एक्सेस हे तिन्ही 'जाणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूतून आलेले. जवळ जाणं तो ॲक्सेस, हद्दीबाहेर जाणं तो एक्सेस, निघून जाणं तो डिसीस. आपणही माणूस 'गेला' असंच म्हणतो. डिझीझचं घराणं मात्र वेगळं. तिथला 'ईझ' म्हणजे आराम, आणि तो नाही म्हणून डिझीझ. 'डी-ई-सी'ने सुरू होतो तो गेलेला, 'डी-आय-एस'ने सुरू होतो तो आजारी. दुकानातल्या मुलींना मी एवढंच सांगून ठेवलंय.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर 'कन्फ्यूझिंग वर्ड्स'च्या याद्या ढिगाने आहेत. इट्स आणि इट्स, देअर आणि देअर, युअर आणि यू आर. या याद्या इंग्रजी घरात बोलणाऱ्यांसाठी केलेल्या. त्यांना शब्द आधी कानाने येतो, स्पेलिंग मागाहून, म्हणून ते 'देअर'ला अडखळतात. आपण शाळेत स्पेलिंग घोकूनच इंग्रजी शिकलो, त्यामुळे तिथे आपण फारसे पडत नाही. आपण पडतो ते मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन असतात तिथे, किंवा देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखे लिहिले जातात तिथे. त्याची यादी मला कुठे सापडलेली नाही.

म्हणून हा धागा. आपापल्या धंद्यात, नोकरीत रोज भेटणाऱ्या जोड्या टाका. व्याकरणाचं पुस्तक नको, प्रसंग हवेत.

केरीकर (पेडण्याचा)

मस्त धागा. आधी खुलासा, केरी पेडण्यातली. सत्तरीची वेगळी, फोंड्याची वेगळी. जोड्यांचा विषय आहे म्हणून सांगून टाकलं.

मी हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. आमच्याकडे पहिला मान 'कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट'चा. मधलं अक्षर 'आय' असेल तर फुकट, 'ई' असेल तर पूरक. किनाऱ्यावरच्या निम्म्या पाट्यांवर नाश्ता पूरक आहे. अर्थात त्यावरून भांडायला आजवर कोणी आलेलं नाही.

दुसरा मान 'डेझर्ट'चा. मेनूवर एकच एस छापून आला की बेबिंका वाळवंटात. गोड पदार्थाला दोन एस. हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ टेबल आवरणे. जेवणाची ताटं उचलली की मग जे येतं ते.

पण बाईंचा मुद्दा शंभर टक्के पटला. खरी फजिती स्पेलिंगमध्ये होतच नाही. आमच्याकडे एक नवा मुलगा लागला होता, अतिशय नम्र. पाहुण्याने काही मागितलं की 'आय ॲम कमिंग, सर' म्हणायचा आणि निघून जायचा. पाहुणा बघत राहायचा, हा येतोय म्हणतो आणि जातोय कुठे? आपल्याकडे उंबऱ्याबाहेर पाय टाकताना 'येतो हं' म्हणतात. 'जातो' म्हटलं तर आजी ओरडणार. तेच त्याने इंग्रजीत नेलं. इंग्रजी माणूस अशा वेळी 'आय विल बी राइट बॅक' म्हणतो.

आणि 'पर्यंत'! हा शब्द म्हणजे आमच्या खात्याची डोकेदुखी. 'शुक्रवारपर्यंत पैसे भरा' आणि 'शुक्रवारपर्यंत राहा', मराठीत दोन्हीकडे पर्यंत. इंग्रजीत पैसे भरायचे 'बाय फ्रायडे', राहायचं 'अन्टिल फ्रायडे'. काम मधे केव्हातरी एकदा उरकायचं असेल तर बाय, त्या वेळेपर्यंत सतत चालू राहणार असेल तर अन्टिल. 'प्लीज पे अन्टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडेस्तोवर रोज पैसे भरत राहा. मालक खूष होईल.

चोडणकर

हसून हसून पुरेवाट.

आमच्या चोडण बेटावरून पणजीकडे जायला फेरीच सोयीची, त्यामुळे आमची जोडी ठरलेली. एकदा एका हाती रंगवलेल्या फलकावर 'फेअरी बोट' असं इंग्रजीत वाचलं होतं. परीची होडी. रायबंदरच्या धक्क्यावर पावसात रांगेत उभं राहून परीची वाट बघायची.

मुद्राराक्षस

फोंड्यात मुद्रितशोधनाचं काम करतो. बाईंशी अर्धा सहमत.

'देवनागरीत एकसारखे' हा मुद्दा सोळा आणे खरा आहे, आणि तो बाईंनी पुरेसा ताणलेला नाही. मराठीत 'ए' एकच. इंग्रजीत दोन आहेत, एक तोकडा आणि एक लांबवलेला. आपण दोघांनाही एकच मात्रा देतो. म्हणून आपल्याकडे 'टेस्ट' परीक्षाही आणि चवही. 'पेपर' कागदही आणि मिरीही. 'डेट' तारीखही आणि कर्जही. 'लेट' म्हणजे उशीर आणि 'लेट'च म्हणजे करू दे. त्यात आपला 'व' एकटाच, त्यांचे दोन. सगळं एकत्र झालं की 'वेट' लिहा आणि मोजा: ओला, थांबा, वजन आणि गुरांचा डॉक्टर. चार शब्दांना एकच कपडा. 'सेल'चंही तसंच, विकणे, विक्री, शीड आणि कोठडी.

यात लिपीचा दोष कमी आणि कानाचा जास्त. कानडीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन वेगळी अक्षरंच आहेत. कारवारकडे कानडीतून शिकलेला माझा सहकारी 'टेस्ट'च्या दोन शब्दांत कधी चुकत नाही. त्याला ते आपल्या 'दिन' आणि 'दीन'इतके वेगळे ऐकू येतात.

आता असहमत कुठे, तर त्या इंटरनेटवरच्या याद्या आपल्या कामाच्या नाहीत, या म्हणण्याशी. माझ्या टेबलावर येणाऱ्या मजकुरात 'प्रिन्सिपल' रोज चुकतो. मुख्याध्यापक आणि कर्जाचं मुद्दल हे शेवटी 'ए-एल', तत्त्व ते 'एल-ई'. 'स्टेशनरी'ही तसाच. वह्या-पेनांच्या दुकानाच्या पाटीवर 'ए' घातला की दुकान 'एका जागी स्थिर' होतं. त्यामागची हकीकत मात्र छान आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते. विद्यापीठाच्या आसपास कायमचं दुकान थाटून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर', म्हणजे एका ठिकाणी बसणारा. त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. म्हणजे दोन्ही शब्द मुळात एकच, फक्त दुकानदाराच्या नावातला 'ई' मालाला चिकटून राहिला.

तेव्हा इंग्रजांच्या याद्याही वाचा, आणि आपलीही करा.

कारकूनबाई

@केरीकर, 'पर्यंत'साठी दंडवत. हे मी दुकानात लावून ठेवणार.

@मुद्राराक्षस, याद्या वाचू नका असं मी म्हटलं नाही हो. पण त्यातले नियम कधीकधी उलटतात. 'ए'वालं अफेक्ट क्रियापद आणि 'ई'वालं इफेक्ट नाम, हा नियम सगळीकडे ठोकून दिलेला असतो. आता जमिनीच्या कागदात बघा. 'म्युटेशन हॅज बीन इफेक्टेड.' म्हणजे फेरफार घडवून आणला, नोंद झाली. इथे 'ई'वाला शब्द क्रियापद आहे आणि बरोबर आहे. नियम पाठ केलेल्या एका मुलाने ते 'अफेक्टेड' करून दिलं होतं. म्हणजे फेरफाराला काहीतरी बाधलं! फॉर्म एक व चौदावर, म्हणजे आपल्याकडच्या जमिनीच्या उताऱ्यावर, नाव चढवायला निघालेल्या माणसाच्या हातात असा कागद गेला तर पुढच्या टेबलावर काय होईल, ते गोव्यात कचेऱ्यांच्या खेपा घातलेल्यांना सांगायला नको.

परिणाम 'करणे' तो अफेक्ट, 'घडवून आणणे' तो इफेक्ट, आणि झालेला परिणाम तोही इफेक्ट. नाम-क्रियापद बाजूला ठेवून अर्थ धरला की चूक होत नाही.

चिरेखाण

डिचोलीहून. आमच्या पट्ट्याची जोडी कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मायनर आणि मायनर.

'ई-आर'वाला खाणकामगार, 'ओ-आर'वाला अल्पवयीन किंवा किरकोळ. एवढं सोपं, पण आमच्याकडे तिसरं भूत आहे, 'मायनर मिनरल'. 1957च्या खाण कायद्यात गौण खनिजांना हा शब्द आहे. बांधकामाचा दगड, साधी रेती, मुरूम वगैरे त्यात मोडतं. लोहखनिज त्यात नाही. चिऱ्याच्या खाणीच्या अर्जावर लोक मोठ्या आत्मविश्वासाने 'माइनर मिनरल' हा कामगाराच्या स्पेलिंगने लिहितात, कारण खाणीचा अर्ज आहे ना, मग 'माइन' हवाच. तर्क बिनचूक, स्पेलिंग चूक.

2012 साली सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, मग 2018 साली नूतनीकरण झालेले 88 लीज रद्द झाले. त्या काळात आमच्या भागातून निवेदनांचा पाऊस पडला. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, सगळ्यांची इंग्रजी निवेदनं. त्यात 'वुई विल लूझ अवर जॉब्स' हे वाक्य हमखास, आणि त्यातला लूझ दोन 'ओ'चा. दोन 'ओ' म्हणजे सैल. एक 'ओ' गेला की गमावणे. नोकऱ्या सैल होतील असं लिहिलेला कागद मंत्र्याच्या हातात. पण त्या वेळी हसायला कोणाला सुचत नव्हतं, घरात हप्त्यांचे ट्रक उभे होते.

अवांतर: खनिजाचा 'ओर' आणि वल्ह्याचा 'ओर' पण एकसारखेच ऐकू येतात. बार्जवर दोन्ही असू शकतात.

आल्तिनोवरचा_म्हातारा

मुलांनो, तुमच्या इंग्रजी-मराठी भांडणात आमची पोर्तुगीज विसरू नका. एकसष्ट सालच्या आधी पणजीच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलेल्यांना इंग्रजी नंतर शिकावी लागली, आणि फसवणूक वेगळीच झाली. शब्द ओळखीचा दिसायचा, अर्थ भलताच.

सगळ्यात मोठी दरवाज्याची. पोर्तुगीजमध्ये दारावर 'पुश' असं ऐकू येणारा शब्द लिहिलेला असतो. अर्थ ओढा. ढकला म्हणायला वेगळाच शब्द आहे, 'एंपुर्र'. इंग्रजी बँकेच्या दारावर 'पुश' वाचून दार ओढत बसलेले सद्गृहस्थ मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

दुसरी डॉक्टरकडची. पोर्तुगीजमध्ये 'कोंश्तिपादु' म्हणजे सर्दी झालेला. ते उचलून इंग्रजी डॉक्टरला 'आय ॲम कॉन्स्टिपेटेड' सांगितलं की डॉक्टर नाकाकडे बघतच नाही, थेट पोटाचं औषध.

'इश्किझितु' म्हणजे विचित्र. इंग्रजी 'एक्स्क्विझिट' म्हणजे अत्यंत नाजूक, सुंदर. एखाद्या यजमानीण बाईंच्या पुडिंगबद्दल काय म्हणताय ते सांभाळून. 'प्रेतेंदेर' म्हणजे इरादा असणे, इंग्रजी 'प्रिटेंड' म्हणजे सोंग करणे. 'आय प्रिटेंड टू बाय युअर हाउस' असं पत्र लिहिलंत तर घर कोण विकेल?

आणि 'लिव्रारीय'. आज पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ पुस्तकांचं दुकान, ग्रंथालयाला 'बिब्लियोतेका'. पण पणजीत 1832 साली सरकारी ग्रंथालय सुरू झालं ते 'पुब्लिका लिव्रारीय' याच नावाने. तेच आज पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून उभं आहे. तेव्हा शब्दही बाजू बदलतात. त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नये.

केरीकर (पेडण्याचा)

काका, 'पुश'चा किस्सा उद्या ब्रीफिंगमध्ये सांगणार. आमच्याकडे पोर्तुगालचे पाहुणे येतात आणि काचेच्या दाराशी कायम झटापट. आजवर आम्हाला वाटायचं दारच घट्ट आहे.

जहाजावर_जायचंय

नमस्कार, मी नवीन आहे. क्रूझवर हाउसकीपिंगसाठी मुलाखत देतेय, इंग्रजीची चाचणीही असते. क्लासमध्ये मॅडम फक्त शब्दांचे अर्थ पाठ करून घेतात. मला नेहमी बॉरो आणि लेंड यात गोंधळ होतो. अजून कुठल्या जोड्या तिथे उपयोगी पडतील?

केरीकर (पेडण्याचा)

बाय, बॉरो-लेंडचा गोंधळ 'उसने'मुळे. मराठीत उसने एकच, घेणे-देणे नंतर लागतं. इंग्रजीत घेणं आणि देणं शब्दाच्या पोटातच आहे. बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे. 'कॅन यू बॉरो मी अ पेन' म्हणालीस तर ऐकणारा गोंधळेल. तोंडात वाक्यच बसव: 'कॅन आय बॉरो', 'कॅन यू लेंड मी'. आय आला की बॉरो, यू आला की लेंड. मागण्यापुरतं एवढं बस.

हाउसकीपिंगला खरा उपयोग 'आवाज'चा. आपल्याकडे माणसाचा, पंख्याचा, समुद्राचा, सगळ्यांचा आवाज. इंग्रजीत माणसाच्या गळ्यातला 'व्हॉइस', नकोसा तो 'नॉइझ', नुसता कानावर येतो तो 'साउंड'. एकदा आमच्या मुलीने रजिस्टरवर लिहिलं, 'गेस्ट कम्प्लेंट, व्हॉइस कमिंग फ्रॉम एसी'. मेंटेनन्सवाल्याने खाली पेन्सिलने विचारलं, 'मेल ऑर फिमेल?'

तसंच 'हवा'. खिडकीतून येते ती 'एअर', ढग-पाऊस-ऊन ते 'वेदर'. आणि 'सावली'. झाडाखाली बसायची ती 'शेड', आपली जमिनीवर पडते ती 'शॅडो'. पूलच्या कडेला छत्री लावताना पाहुण्याला शॅडो देऊ नकोस.

कारकूनबाई

आणि अंगाचे अवयव! जहाजावर मेडिकल होतंच. 'हात दुखतो' म्हणजे 'हँड' का 'आर्म'? मनगटाच्या पुढे हँड, वर खांद्यापर्यंत आर्म. 'पाय' तसाच, घोट्याखाली फूट, वर लेग. 'बोट' हाताचं असेल तर फिंगर, पायाचं असेल तर टो. आपल्याला पायाचं बोट म्हटलं की भागतं, पण 'फिंगर ऑफ लेग' असं लिहिलेला विम्याचा फॉर्म आमच्याकडे आलेला आहे.

नोटरीसमोर

वकिली करतो, नाव-गाव नको. दोन जोड्या, ज्यांत चूक झाली तर कागद बदलतो.

पहिली, 'रॉब' आणि 'स्टील'. मराठीत चोरी म्हटलं की झालं. इंग्रजीत वस्तू 'स्टोलन' होते, माणूस 'रॉब्ड' होतो. 'माय स्कूटर वॉज रॉब्ड' हे भाषेतही चूक, आणि कायद्यात तर फारच दूर नेणारं. नव्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 आणि जबरी चोरी कलम 309. जबरी चोरीला मारहाण, अडवणूक किंवा तत्काळ इजेची भीती घालणं लागतं. रात्री अंगणातून स्कूटर नेली, तुम्ही झोपलेले होता, तर ती थेफ्ट. तक्रारीत 'रॉबरी' लिहून आणलंत की पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कोणी धमकावलं? आणि नाही म्हणालात की बाकीच्या मजकुराकडेही संशयाने बघितलं जाणार. मोबाइल स्वतःच कुठे विसरलात तर तो 'लॉस्ट'. तिन्हींचा मार्ग वेगळा.

दुसरी, 'काउन्सिल' आणि 'काउन्सेल'. म्हापसा, मडगाव इथे म्युनिसिपल काउन्सिल, तिथला नगरसेवक काउन्सिलर. 'एस'वाला काउन्सेल म्हणजे सल्ला, किंवा कोर्टात उभा राहणारा वकील. त्या स्पेलिंगचा काउन्सेलर म्हणजे समुपदेशक. वॉर्डातल्या गटाराच्या तक्रारीवर काउन्सेलरचं नाव घातलेलं मी वाचलंय. कधीकधी वाटतं, गरज त्याचीच असेल.

'रिव्हर्ट'बद्दल थोडं. ऑफिसच्या ईमेलमध्ये 'काइंडली रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या. आपल्या देशात ते रुळलं आहे, भांडत बसत नाही. पण जमिनीच्या दस्तऐवजात 'द लँड शॅल रिव्हर्ट टू द कोमुनिदाद' म्हणजे जमीन मूळ धन्याकडे, इथे कोमुनिदाद या गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेकडे, परत जाईल. करारनाम्यात हा शब्द दिसला तर कोणाला पत्र पाठवायचंय असं समजून पान उलटू नका.

म्हादईपुत्र

एवढा खटाटोप कशाला? गोव्याचा राजभाषा कायदा 1987चा, त्यात मराठीलाही सरकारी कामकाजात जागा दिली आहे. सगळ्यांनी मराठीत अर्ज करावेत, मग डिझीज्ड-डिसीस्डचा प्रश्नच नाही.

चोडणकर

मराठीतही लोक 'दीन' आणि 'दिन' चुकवतात हो. पंधरा ऑगस्टच्या बॅनरवर 'स्वातंत्र्य दीन' दरवर्षी असतोच.

म्हादईपुत्र

तो मुद्दा वेगळा. कोंकणीवाले आणि मराठीवाले मिळून…

मुद्राराक्षस

थांबा, थांबा. या वाटेने गेलेले धागे परत आलेले नाहीत. त्याला वेगळा धागा आहे, चार वर्षं चालू आहे, तिथे चला.

इथे मी 'लायसन्स'चं सांगतो, कारण गोव्यात लायसन्सशिवाय काही होत नाही, टपरीपासून टॅक्सीपर्यंत. ब्रिटिश पद्धतीत परवाना हे नाम 'सी'ने, परवाना देणे हे क्रियापद 'एस'ने. आपला 1988चा मोटार वाहन कायदा काढून बघा, 'ड्रायव्हिंग लायसन्स' सी-ई, आणि तो देणारी 'लायसन्सिंग अथॉरिटी' एस. एकाच कायद्यात दोन्ही, दोन्ही बरोबर. अमेरिकेत दोन्हीकडे एस. संगणकाची भाषा अमेरिकन ठेवलेली असेल तर तो तुमच्या बरोबर शब्दाखाली रेघ मारणार, आणि तुम्ही घाबरून तो बदलणार. आधी संगणकाची भाषा बघा.

लक्षात ठेवायला 'ॲडव्हाइस' धरा. तिथे फरक ऐकू येतो. सल्ला हा 'स' ऐकू येतो आणि सी-ई लिहितात, सल्ला देणे हा 'झ' ऐकू येतो आणि एस लिहितात. लायसन्स आणि प्रॅक्टिस त्याच जोडीच्या मागे चालतात, फक्त तिथे कान मदत करत नाही.

चिरेखाण

घराच्या प्लॅनवरचा 'स्टोरी' राहिला. टू-स्टोरी हाउस. मजला आणि गोष्ट एकच का?

कारकूनबाई

ब्रिटिश पद्धतीत मजल्याला 'ई-वाय', गोष्टीला नुसता 'वाय'. अमेरिकेत दोन्ही सारखे. आपल्या नगरनियोजनाच्या कागदांत ब्रिटिशच घाला. तरी माझा अनुभव असा की लोक 'ग्राउंड प्लस वन' लिहूनच सुटका करून घेतात, आणि ते उत्तम.

जहाजावर_जायचंय

सगळ्यांचे खूप आभार. शेवटचं एकच. बँकेला पत्र द्यायचंय, लोनचे कागद 30 तारखेपर्यंत देणार म्हणून. मी असं लिहिलंय: 'आय विल सबमिट द डॉक्युमेंट्स अन्टिल थर्टीएथ. काइंडली ॲडव्हाइस मी अँड डू द नीडफुल.' बरोबर आहे का?

केरीकर (पेडण्याचा)

अन्टिल काढ, 'बाय' घाल. कागद एकदाच द्यायचेत.

मुद्राराक्षस

'ॲडव्हाइस'चा सी काढून एस घाला, इथे क्रियापद आहे.

नोटरीसमोर

'डू द नीडफुल' पूर्ण काढा. बँकेने नेमकं काय करावं ते लिहा. मुदत वाढवून हवी असेल तर तसं, पोच हवी असेल तर तसं. आणि पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा, त्यावर त्यांचा शिक्का घेऊन.